पाटी गेलेल्या लेथची कुळी कशी शोधाल?

हाफ नटाचे आटे झिजून गेले, तेव्हा आम्हाला लेथच्या नावाची गरज पडली. तोवर तो नुसता 'जुना लेथ' होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये तो भंगाराच्या भावाने आला, धुऊनपुसून उभा राहिला आणि छोटी कामं बिनतक्रार करत राहिला. एके दिवशी आटे पाडताना कॅरेज मध्येच उडी मारायला लागलं. हाफ नट उघडून पाहिला, तर आतले आटे जवळजवळ सपाट झाले होते. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे गेलो, तर त्याचा पहिलाच प्रश्न: मेक कुठला?

आमच्या मिस्त्रींनी लेथ आल्या दिवशीच 'जर्मन आहे' असा निकाल दिला होता. आपल्याकडे जुनं आणि जड दिसलं की ते जर्मन ठरतं. मी थोडी मापं घेतली होती, पुस्तकं चाळली होती, त्यामुळे मी छातीठोकपणे 'साउथ बेंड' सांगितलं. व्यापाऱ्याने कुठून तरी साउथ बेंडचा हाफ नट मिळवून दिला. तो बसला नाही. पैसे गेले, पंधरा दिवस गेले. पण त्या चुकीमुळे मी या शोधाकडे नीट लक्ष दिलं, आणि पुढे जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. तुमच्याकडे लेथ असो, शेपर असो, मिलिंग असो किंवा बेंचवरचं ड्रिल, रीत तीच.

पाटी का नसते, हे आधी समजून घ्या. बहुतेक वेळा ती पितळेची असते आणि भंगारात पितळेला वेगळा भाव असतो. यंत्र अड्ड्यावर आलं की पाटी, तेलाचे कप, गनमेटलचे बुश हे आधी निघतात. दुसरं कारण रंगारी. लिलावाआधी यंत्राला 'नवं' करताना लांबी भरली जाते आणि ओतीव अक्षरंसुद्धा तिच्याखाली गाडली जातात. तिसरं कारण व्यापाराचं. अनेक छोटे कारखाने विनापाटीचं यंत्र विकत आणि विकणारा त्यावर आपली पाटी लावत असे. म्हणून पाटी सापडली तरी हुरळून जाऊ नका, तिच्यावरचं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट कंपनी स्वतः नामांकित यंत्रं बनवायची आणि इतर कारखान्यांची यंत्रंही विकायची. अमेरिकेत सीअर्स या दुकानसाखळीने 'क्राफ्ट्समन' नावाने जे लेथ विकले, त्यांतले पुष्कळसे मिशिगनमधल्या कलामाझू गावच्या अ‍ॅटलस प्रेस कंपनीने बनवलेले होते. सीअर्सच्या मॉडेल नंबरात टिंबाच्या आधी 101 असेल, तर बनवणारा अ‍ॅटलस. हे माहीत नसलेला माणूस क्राफ्ट्समन नावाचा कारखाना शोधत बसतो आणि तो कारखाना कुठेच नसतो.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट म्हणजे घासू नका. यंत्र घरी आलं की हात शिवशिवतात, वायर ब्रश ग्राइंडरला लागतो आणि तासाभरात यंत्र चकचकीत होतं. त्या तासात पुरावाही जातो. पंचने मारलेला उथळ नंबर, इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेली तारीख, जुन्या मालकाने रंगाने लिहिलेला खात्याचा क्रमांक हे सगळं वायर व्हील पुसून टाकतं. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासणं छातीलाही बाधतं. आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, वरून, आणि कव्हर उघडून आतून. मग डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्याने फक्त चिकटा उतरवा.

नंतर एक काम रात्री करा. शेडमधले दिवे बंद करा आणि बॅटरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा सोडा. दिवसा जे सपाट वाटतं तिथे आडव्या उजेडात सावल्या उठतात. आमच्या लेथच्या हेडस्टॉकवर समोरच्या बाजूला मला अशीच एक चौकट दिसली. नखाएवढ्या जाडीची कड होती आणि चार कोपऱ्यांत लांबीने बुजलेली चार बारीक भोकं. पाटी गेली होती, पण तिची जागा राहिली होती. भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे एखाद्या यंत्राबद्दल संशय आला, की त्या मेकच्या शाबूत यंत्राच्या पाटीशी ही अंतरं ताडून पाहता येतात. तुमचा अंदाज इथे फार लवकर खरा किंवा खोटा ठरतो. जिथे अक्षरं असल्यासारखं वाटतं, तिथे पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसंच. उठावाची अक्षरं डोळ्यांपेक्षा कागदावर लवकर वाचता येतात.

बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला, वरच्या सपाट भागावर नंबर असतो का, ते जरूर पाहा. साउथ बेंड, अ‍ॅटलस आणि इतरही अनेकांनी आपला क्रमांक तिथेच ठोकला आहे. मात्र नाव माहीत नसताना नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. तो टिपून ठेवा, त्याची वेळ नंतर येते. नंबर मुद्दाम ग्राइंड करून उडवलेला दिसला, तर थांबा. यंत्र कुठून आलं याची पावती हातात असल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

यानंतर कोणत्या भागाचं ऐकायचं ते ठरवा. जुन्या यंत्राचं पन्नास-साठ वर्षांत बरंच काही बदललेलं असतं. मोटर तर नक्कीच बदललेली असते, त्यामुळे मोटरच्या पाटीवरून यंत्राचं वय सांगू नये. चक, टूल पोस्ट, हँडलांच्या मुठी, पाय, स्टँड, पुली हेही बदलतात. पायात ओतलेलं नाव दुसऱ्याच यंत्राचं निघाल्याचं मी पाहिलं आहे. बेड, हेडस्टॉकचं ओतकाम, स्पिंडल, लीड स्क्रू आणि एप्रनच्या आतले गिअर हे सहसा कुणी बदलत नाही, कारण ते बदलणं यंत्र बदलण्याइतकंच महाग पडतं. शोध या पाचांपासून सुरू करा. हेडस्टॉक, सॅडल आणि टेलस्टॉक यांच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूंवर फिटरने मारलेले दोन-तीन आकडी पंच नंबर असू शकतात. जुळवणी करताना एका यंत्राचे भाग दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ते मारत. सगळीकडे एकच आकडा मिळाला, तर तुमचं यंत्र एकाच घरचं आहे. वेगवेगळे आकडे मिळाले, तर ते दोन-तीन यंत्रांचं मिळून झालेलं असू शकतं, आणि मग प्रत्येक भागाची चौकशी वेगळी करावी लागते.

आता मापं. इथे वेळ द्या, कारण खरं उत्तर इथेच आहे. पाटी काढता येते, पण ज्या देशातल्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्र कागदावर उतरलं, त्या देशाची मापाची सवय काढता येत नाही.

आधी आकार सांगण्याची भाषा. आपल्या बाजारात लेथ बेडच्या लांबीवर ओळखला जातो: साडेचार फुटी, सहा फुटी. इंग्लंडमध्ये तो बेडपासून सेंटरच्या उंचीवर ओळखला जाई आणि अमेरिकेत बेडवर जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब फिरेल त्यावर. म्हणजे अमेरिकन 9 इंची लेथ इंग्रजी भाषेत साडेचार इंची होतो. हे लक्षात न घेता जुनी कॅटलॉगं चाळलीत, तर निम्म्या किंवा दुप्पट आकाराच्या यंत्रांत हरवून जाल.

मग बोल्ट. अर्धा इंची बोल्ट शोधा आणि त्याला पिच गेज लावा. इंचाला 12 आटे भरले तर व्हिटवर्थ, म्हणजे इंग्रजी वळण. 13 भरले तर अमेरिकन. पाव इंची, अडीच सुती आणि तीन सुती बोल्टवर ही परीक्षा चालत नाही, कारण तिथे दोन्ही पद्धतींचे आटे इंचाला सारखेच आहेत: 20, 18 आणि 16. फरक फक्त कोनाचा असतो. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेला आटा 55 अंशांचा आणि त्याची माथी-तळ गोल. अमेरिकन आटा 60 अंशांचा. साधा पिच गेज घाईत लावला तर हा फरक निसटतो, म्हणून अर्धा इंचीच शोधा. बोल्टचा व्यास 12.7 ऐवजी 12 मिलिमीटर आणि आट्याची पिच 1.75 मिलिमीटर निघाली, तर मेट्रिक घराणं. पण वर दिसणाऱ्या बोल्टवर विसंबू नका, ते कुणीही कधीही बदललेले असतात. हेडस्टॉक बेडला ज्याने बांधला आहे तो बोल्ट काढा, किंवा बेडच्या पोटातल्या टॅप केलेल्या भोकात आटे मोजा. भोकातले आटे कारखान्याचे असतात.

लीड स्क्रूवर एकच आटा मोजू नका, दहा मोजा. दहा आट्यांचं अंतर 63.5 मिलिमीटर आलं तर इंचाला 4 आटे, 31.75 आलं तर 8. बरोबर 60 किंवा 30 आलं, तर स्क्रू मेट्रिक. एका आट्यावर 6 आणि 6.35 यांतला फरक झिजेत आणि व्हर्निअरच्या चुकीत लपतो, दहा आट्यांवर तो साडेतीन मिलिमीटर होऊन समोर उभा राहतो.

बेडच्या घडणीवरूनही वळण कळतं. उलट्या 'व्ही'च्या कडा हे अमेरिकन लेथचं जुनं लक्षण. सपाट बेड आणि हेडस्टॉकपाशी मोठ्या व्यासाच्या जॉबसाठी सोडलेली गॅप ही इंग्रजी छोट्या लेथची आवड. मात्र हे लक्षण आहे, कायदा नाही. आमच्या प्रकरणात मी इथेच फसलो होतो. तिकडे पुढे येतो.

स्पिंडलच्या नोजचा व्यास आणि आटे, स्पिंडलचा आणि टेलस्टॉकचा टेपर हेही लिहून घ्या. मोर्स टेपर असेल तर मोठ्या तोंडाचा व्यास दोन नंबरला 17.78 मिलिमीटर आणि तीन नंबरला 23.825 मिलिमीटर असतो. त्याचा उतार साधारण विसाला एक. उतार स्पष्टपणे कमी, चोविसाला एक असा निघाला, तर तो ब्राउन अँड शार्पचा टेपर असण्याचा संभव आहे आणि मग यंत्र अमेरिकन असण्याकडे काटा झुकतो.

आणि आता चेंज गिअर. माझ्या मते सगळ्या मापांत हे सर्वांत बोलकं माप, आणि लोक नेमकं हेच घेत नाहीत. एक गिअर काढा. दाते मोजा. दात्यांच्या टोकावरून बाहेरचा व्यास इंचात मोजा. दात्यांच्या संख्येत 2 मिळवा आणि व्यासाने भागा. उत्तराला डी.पी. म्हणतात. 40 दात्यांच्या गिअरचा व्यास 2.1 इंच आला, तर 42 भागिले 2.1, म्हणजे 20 डी.पी. इंग्लंडच्या मायफर्ड एम.एल.7 चे गिअर असेच 20 डी.पी.चे. व्यास 2.333 इंच आला तर 18 डी.पी., आणि तो साउथ बेंडच्या 9 इंची लेथचा आकडा. 2.625 आला तर 16 डी.पी. गिअर मेट्रिक असेल, तर व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन (दाते + 2) ने भागा, म्हणजे मॉड्यूल मिळेल. इथे एक सापळा आहे. 40 दात्यांचा सव्वा मॉड्यूलचा गिअर 52.5 मिलिमीटरचा असतो आणि 20 डी.पी.चा 53.34 चा. दाते झिजलेले असले, की 20 डी.पी. गिअर सव्वा मॉड्यूलचा वाटू शकतो. म्हणून एका गिअरवर थांबू नका, सर्वांत मोठा गिअर मोजा. 80 दात्यांवर हाच फरक दीड मिलिमीटरच्या वर जातो.

आता आमच्या लेथकडे परत येतो. नोज दीड इंचाचा, इंचाला 8 आटे. लीड स्क्रू इंचाला 8 आट्यांचा. हे दोन्ही आकडे साउथ बेंडच्या 9 इंची लेथचे आहेत, आणि तेवढ्यावर मी नाव ठोकून दिलं होतं. पण हेच दोन आकडे इतर अनेक लेथचेही आहेत. हे मी तेव्हा विचारात घेतलं नाही. साउथ बेंडच्या बेडला 'व्ही' असतात आणि आमचा बेड सपाट होता, तेही डोळ्यांआड केलं. हाफ नट बसला नाही तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सपाट बेड बघून आता मला 'इंग्रजी' वाटायला लागलं. हेडस्टॉकचा अर्धा इंची बोल्ट काढला: 13 आटे. अमेरिकन. मग बेडवर फिरणारा व्यास मोजला: 10 इंच. मग गिअर.

गिअर हातात घेतला तेव्हा तो हलका लागला. बीडाच्या किंवा पोलादी गिअरचं वजन हाताला माहीत असतं, हा त्याच्या मानाने फुलका होता. रंग करडा, थोडा निळसर. मिस्त्रींनी डायल गेजच्या स्टँडचं चुंबक त्याला लावलं, ते चिकटलं नाही. "पितळ नाही, अ‍ॅल्युमिनियम नाही, मग काय आहे हे?" असं म्हणत त्यांनी तो रॉकेलच्या डब्यात बुडवला. मी जुन्या टूथब्रशने कडेचा चिकटा काढला. दात्यांच्या खाली, बाजूच्या सपाट भागावर ओतीव अक्षरं उमटली: 9-101-40. दाते मोजले, 40. व्यास मोजला, 2.625 इंच. म्हणजे 16 डी.पी.

तो धातू झामॅक होता, जस्ताचा मिश्रधातू, साच्यात दाबाने ओतलेला. अ‍ॅटलस प्रेस कंपनीने आपल्या छोट्या लेथचे चेंज गिअर आणि हाफ नटसुद्धा याच धातूचे बनवले. 9-101 हा त्यांच्या गिअरचा भाग क्रमांक, आणि शेवटचा आकडा दात्यांचा. बेड सपाट हेही अ‍ॅटलसचंच वळण. इतकी वर्षं जर्मन म्हणून ओळखलेला लेथ कलामाझूचा निघाला. मिस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तारीखपण सापडेल भावा, शोध."

ती सापडली. अ‍ॅटलसच्या ज्या लेथना टिमकेनचे टेपर रोलर बेअरिंग बसवले, त्यांच्या बेअरिंगवर इलेक्ट्रिक पेन्सिलने तारीख कोरलेली असते. आमच्या बेअरिंगवर होतं 3-14-41. महिना आधी आणि दिवस नंतर, ही अमेरिकन पद्धत. 14 हा महिना असूच शकत नाही, म्हणून इथे घोटाळा होत नाही. 14 मार्च 1941. बेअरिंग मधल्या काळात बदललेलं नाही ना, एवढंच पाहायचं. आमच्या लेथवर दोन्ही बाजूंच्या तारखा जवळजवळच्या होत्या, म्हणून मी ती मान्य केली. लेथ त्यानंतर काही काळाने जुळवला असणार, आधी नाही.

ओतीव आकड्यांबद्दल आणखी थोडं. ओतकामावर जे उठून दिसतं ते पॅटर्नवर होतं म्हणून आलेलं असतं, आणि पॅटर्नवर भागाचा क्रमांक, फाउंड्रीची खूण किंवा ओतल्याची तारीख यांपैकी काहीही असू शकतं. एखादं अक्षर किंवा छोटं चिन्ह दिसलं तर ते कारखान्याचंच आहे असं मानू नका, ओतकाम बाहेरून करून घेतलेलं असेल तर ती फाउंड्रीची खूण असते. ओतल्याची तारीख यंत्राच्या जन्माआधीची असते, कारण चांगले कारखाने बेड ओतून झाल्यावर काही महिने उघड्यावर टाकून ठेवत, म्हणजे आतला ताण निघून जाई. कव्हरांच्या आत, बेडच्या रिब्समध्ये, टेलस्टॉकच्या बुडाखाली, गिअर गार्डच्या पाठीमागे पाहा. बोटांनी चाचपा, डोळा पोहोचत नाही तिथे बोटं पोहोचतात.

कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची बाणाची खूण दिसली, तर ते यंत्र एके काळी ब्रिटिश सरकारच्या मालकीचं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या काही अमेरिकन यंत्रांवर वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या नावाची छोटी पाटी असते. यंत्राची रंगसफाई युद्धकाळातल्या आदेशाप्रमाणे साधी ठेवली आहे, असं ती सांगते. अशी पाटी बनवणाऱ्याचं नाव देत नाही, पण काळ पक्का करते. 'डी. आर. जी. एम.' किंवा 'डी. आर. पी.' अशी रोमन अक्षरं आढळली, तर मिस्त्रींचं 'जर्मन' खरं ठरतं. ती जर्मन साम्राज्याच्या काळापासूनच्या हक्कनोंदणीची खूण आहे, आणि त्यांतली 'डी. आर. जी. एम.' ही नोंदणी 1891 पासूनची.

पेटंटचा नंबर मिळाला तर काम सोपं होतं. अमेरिकन पेटंटचा 10 लाखावा क्रमांक 1911 मध्ये आणि 20 लाखावा 1935 मध्ये दिला गेला, तेवढ्यावरच काळाचा अंदाज येतो. जुनी पेटंटं आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यात शोधकाचं नाव मिळतं, आणि बऱ्याचदा हक्क कुठल्या कंपनीला दिले हेही. एवढं लक्षात ठेवा, की पेटंट एखाद्या चकचं किंवा क्लचचंही असू शकतं, सबंध यंत्राचं नव्हे.

नकलांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि आपल्या भागात तो सर्वांत जास्त येतो. साउथ बेंडचा 9 इंची लेथ इतका आवडला, की हॅलिफॅक्सच्या बॉक्सफर्डने इंग्लंडमध्ये आणि अ‍ॅडलेडच्या हर्कसने ऑस्ट्रेलियात जवळजवळ त्याच घडणीचे लेथ बनवले. लांबून ते भाऊ-भाऊ दिसतात. अशा वेळी लपलेल्या भोकांतले आटे, ओतकामातले क्रमांक आणि पाटीची भोकं यांवरच निवाडा करावा लागतो. भारतात तर बटाला, राजकोट, लुधियाना इथे शेकडो छोट्या कारखान्यांनी परदेशी यंत्रं समोर ठेवून लेथ, शेपर आणि ड्रिल बनवले, आणि महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांत ते पुष्कळ आले. त्यांची ओळख बऱ्याचदा मिश्र मापांतून होते. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, अंमल 1958 पासून टप्प्याटप्प्याने. पण लीड स्क्रू इंचाला 4 आट्यांचाच राहिला आणि बोल्ट हळूहळू मेट्रिक होत गेले. कारखान्याच्या मूळ भोकांत व्हिटवर्थ आणि मेट्रिक दोन्ही आटे सापडले, तर परदेशी मूळ शोधायच्या आधी देशी मेक शोधा. किर्लोस्करांचा हरिहरचा कारखाना 1941 चा, प्रागा टूल्स 1943 चा, बंगळूरचा एच.एम.टी. 1953 चा, ओर्लिकॉन या स्विस कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला. या मोठ्या घरांच्या यंत्रांवर नाव बहुधा कुठे ना कुठे ओतलेलं किंवा ठोकलेलं सापडतं. छोट्या कारखान्याच्या यंत्राचं नाव मिळालं नाही, तरी 'बटाला वळणाचा, 4 आट्यांचा, मोर्स 3' एवढी ओळखसुद्धा सुटे भाग मिळवायला पुरेशी होते.

यंत्र कुठून आलं, हेही विचारत मागे जा. भंगारवाल्याला लिलावाचं ठिकाण सहसा आठवतं. मुंबईच्या गिरण्यांची वर्कशॉपं 1982 च्या संपानंतर एकेक करून मोडीत निघाली आणि तिथले लेथ, शेपर, प्लेनर राज्यभर पसरले. साखर कारखान्यांतून, रेल्वेच्या वर्कशॉपांतून, दारूगोळा कारखान्यांतूनही यंत्रं येतात. हे सगळे आपला खात्याचा क्रमांक यंत्रावर रंगवत किंवा ठोकत. जुना मालक कळला, तर तिथे काम केलेला एखादा निवृत्त टर्नर शोधा. त्याला यंत्राचा सगळा फोटो दाखवू नका, एप्रनचा जवळून घेतलेला फोटो दाखवा. ज्याने त्या एप्रनवर वीस वर्षं हात ठेवला आहे, तो लीव्हरची जागा बघून नाव सांगतो.

बाहेर विचारताना एका कागदाची तयारी करून जा: बेडवरचा व्यास आणि सेंटरमधलं अंतर, बेडचा आडवा छेद हाताने काढून, नोज, दोन्ही टेपर, दहा आट्यांवर मोजलेला लीड स्क्रू, गिअरचा डी.पी., अर्धा इंची बोल्टचे आटे, पाटीच्या भोकांची अंतरं, आणि सापडलेला प्रत्येक आकडा व अक्षर कसंही निरर्थक वाटलं तरी. इंग्रजी यंत्रांसाठी ग्रेसेस गाईड आणि लेथसाठी लेथ्स डॉट को डॉट यूके हा संग्रह, अमेरिकन यंत्रांसाठी व्हिंटेज मशिनरी हा संग्रह, या तिन्ही ठिकाणी जुनी माहिती, कॅटलॉगं आणि फोटो मुबलक आहेत. एवढी मापं हातात असली, की तिथे तासाभराचं काम उरतं. मापांशिवाय गेलात, तर चित्रं पाहण्यात महिना जातो आणि शेवटी आवडलेलं चित्र खरं वाटायला लागतं.

आम्हाला नाव मिळालं आणि लगोलग दोन गोष्टी हाती आल्या. पहिली म्हणजे भागांची यादी, आणि दुसरी अ‍ॅटलसच्या हँडबुकातला आट्यांचा गिअर चार्ट. गार्डवरचा चार्ट पूर्वीच उडाला होता, त्यामुळे इतकी वर्षं आम्ही त्या लेथवर ठरावीक चार-पाच आटेच पाडत होतो. हाफ नट मात्र बाहेरून मागवला नाही. यादीतल्या चित्रावरून मिस्त्रींनी पॅटर्न केला, गनमेटलमध्ये ओतून घेतला आणि 8 आट्यांच्या अ‍ॅक्मे टॅपने आटे पाडले. अ‍ॅक्मेचा कोन 29 अंशांचा, तोही आधी लीड स्क्रूवर तपासून घेतला.

नवी पाटी आम्ही लावली नाही. चार भोकं मोकळीच ठेवली आहेत. सगळी मापं, गिअरवरचा क्रमांक, बेअरिंगवरच्या तारखा, बेडवरचा नंबर आणि कशावरून काय ठरवलं ते एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून गिअर गार्डच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. त्यात माझा पहिला, चुकलेला अंदाजही लिहिला आहे आणि तो का चुकला तेही. लेथ उद्या दुसऱ्याच्या शेडमध्ये गेला, तर गार्ड उघडताच त्याच्या हाताला तो कागद लागेल.